साम्रदचे पाणी कोणीकडे जाते

उंचीच्या आकड्यांवरून ओढे-नाले आखण्याचे काम हल्ली संगणक करतो आणि आमच्या मुंबईतल्या कार्यालयात त्या रेषा तपासण्याचे काम माझ्याकडे असते. नकाशा तयार करणे म्हणजे सुबक रेषा आणि रंग, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात माझा बराचसा वेळ चुकीच्या खुणा हुडकण्यात जातो. त्यातली एक खूण सरावाने चटकन ओळखता येते. डोंगराळ भागातले ओढे झाडाच्या फांद्यांसारखे एकमेकांना मिळत जातात. तिथे पट्टीने ओढल्यासारख्या, परस्परांना समांतर अशा सरळ रेषा दिसल्या, तर त्या जागी ओढा नसून संगणकाने खळगा समजून बुजवलेली जमीन आहे, असे खुशाल समजावे.

पाणलोट विकासाच्या एका सरकारी कामाचे नकाशे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते, तेव्हा अशाच रेषा मला साम्रदजवळ दिसल्या.

साम्रद हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले, सह्याद्रीच्या कड्याला टेकलेले लहानसे गाव. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. पाठीशी रतनगड आहे, त्याच्या त्र्यंबक दरवाजाकडे याच गावातून वाट चढते. उत्तरेला अलंग, मदन आणि कुलंग हे गड आहेत, आणि तिथेच नगर, नाशिक व ठाणे या तीन जिल्ह्यांच्या हद्दी एकत्र येतात. गावाच्या पूर्वेला पडलेला पाऊस प्रवरेतून भंडारदऱ्याच्या जलाशयात जातो आणि पुढे गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला पडलेला पाऊस कडा उतरून ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आणि तिथून अरबी समुद्राकडे जातो. एवढ्याशा गावाच्या शिवारातून दोन समुद्रांची वाटणी होते. म्हणूनच तिथली पाणलोटाची रेषा थोडी जरी सरकली, तरी शेते एका खोऱ्यातून उचलून दुसऱ्या खोऱ्यात टाकली जातात.

नेमके तेच झाले होते. गावाला लागूनच सांदण दरी आहे. बेसाल्टच्या कातळाला पडलेली ही भेग काही ठिकाणी जेमतेम तीन-चार मीटर रुंद आहे, दोन्ही बाजूंच्या भिंती मात्र शेकडो फूट उंच, आणि तिचा तळ कोकणाच्या दिशेने उतरत जातो. आम्ही वापरत होतो ती उंचीची माहिती अमेरिकेच्या एन्डेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने घेतलेली आहे. तिच्यातला एकेक चौकोन जमिनीवर सुमारे ३० मीटरचा असतो, आणि रडारचा झोत तिरका पडत असल्यामुळे अशा अरुंद घळीचा तळ त्याला दिसतच नाही. जी दरी आकड्यांत उतरलीच नाही, तिच्यातून पाणी वाहून जाणे संगणकाला ठाऊक असणे शक्य नव्हते. दरीच्या तोंडाशी येणारे पाणी त्याला कोंडलेले वाटले. त्याने तो खोलगट भाग भरून काढला आणि पाणी सर्वांत सखल कडेवरून पूर्वेला, प्रवरेकडे वळवले.

मी जुनी स्थलदर्शक शीट, म्हणजे डोंगर-नाले दाखवणारा जुना छापील नकाशा, बाहेर काढली. साम्रद ४७ ई/१० या शीटमध्ये येते, भंडारदऱ्याच्या धरणाची भिंत मात्र शेजारच्या ४७ ई/१४ मध्ये. त्यामुळे एकच शीट उघडून बसणाऱ्याला हे गाव आणि ते धरण एकत्र कधी दिसतच नाहीत. जुन्या शीटवर कड्याच्या खुणांमधून एक बारीक निळी रेषा पश्चिमेला बाहेर पडताना स्पष्ट दिसत होती. कोणीतरी तिथे पायी जाऊन, पाहून ती काढली होती. आमच्याकडची नवी मुले हुशार आहेत, पण त्यांना या शीटकडे वळून पाहण्याची सवयच कोणी लावलेली नाही, आणि मोबदला शीटच्या संख्येवर ठरत असल्यामुळे ती लागण्याची शक्यताही नाही.

एवढ्यावर विसंबून राहायला नको म्हणून, गिर्यारोहण करणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्या भागातल्या एका वाटाड्याचा नंबर घेतला आणि वरच्या बाजूचे पाणी कुठे जाते, एवढेच विचारले. तो क्षणभरही थांबला नाही. "दादा, वरल्या अंगाचं पाणी समदं सांदणीत पडतं, तिकून खाली कोकणात. धरणाकडं जातं ते इकडल्या खाचरांचं." खाचराखाचराचा हिशोब त्याच्या तोंडावर होता.

हा कडा जिल्ह्यांची हद्द असला, तरी तिथल्या माणसांच्या वावराची हद्द कधीच नव्हता. साम्रदहून करोली घाटाने शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला उतरता येते. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले, ते घाटावर आणि घाटाखालीही लढले, आणि १८४८ मध्ये त्यांना फाशी झाली ती ठाण्याच्या तुरुंगात. शेजारच्या घाटघरला तर २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे, ज्यात मागणी कमी असताना खालच्या धरणातले पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवतात आणि गरजेच्या वेळी पुन्हा खाली सोडतात. म्हणजे या कड्याची उंची आणि उतार सरकारच्याच अभियंत्यांनी बारकाईने मोजलेले आहेत. ती मोजणी एका खात्याच्या कपाटात राहते आणि दुसऱ्या खात्याचे काम अंतराळातून घेतलेल्या आकड्यांवर चालते, याची मला मनापासून चीड येते.

"एवढ्याशा गावासाठी उद्याचे काम अडवायचे का?" असे वरिष्ठांनी विचारले. गाव एवढेसे आहे म्हणूनच, असे मी सांगितले. मोठ्या गावाची चूक दहा जण पकडतात, साम्रदची पकडणारा मुंबईत दुसरा कोणी नव्हता. शेवटी त्यांनी परवानगी दिली. जुन्या शीटवरची निळी रेषा मी गिरवून घेतली, उंचीच्या आकड्यांत तिच्या वाटेवर खोल चर कोरला आणि सगळी गणना पुन्हा चालवली. रात्री उशिरा निकाल आला तेव्हा पाणलोटाची रेषा पूर्वेला सरकली होती, समांतर रेषा नाहीशा झाल्या होत्या, आणि सुचवलेल्या सिमेंट बंधाऱ्यांपैकी दोन जागा कोरड्या उतारावर उघड्या पडल्या होत्या. तिथे नाला नव्हताच.

दुरुस्त नकाशा आम्ही सविस्तर टिपणासह दिला आणि तो स्वीकारलाही गेला. पण बंधाऱ्यांची यादी आधीच्या मसुद्यावरून मंजूर झालेली होती, आणि बदल पुढच्या टप्प्यात पाहू, असे उत्तर मिळाले. हा पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा मुलूख, आणि त्याच्या पायथ्याचा शहापूर तालुका मुंबईला तानसा-भातसाचे पाणी देऊन स्वतः दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. अशा ठिकाणी पाणी नसलेल्या उतारावर बांधलेली भिंत म्हणजे नुसता पैशाचा अपव्यय नव्हे. जिथे पाणी अडले असते तिथला बंधारा त्यापायी राहून जातो.

कुलंगपासून हरिश्चंद्रगडापर्यंतच्या कड्यात अरुंद घळी आणखीही आहेत, आणि त्या भागाच्या शीट आमच्याकडून याच पद्धतीने गेल्या आहेत. नव्या कामातून वेळ काढून मी त्या एकेक करून पुन्हा उघडतो आहे. त्या दोन बंधाऱ्यांबद्दल पुन्हा लिहून विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.