कालव्यातल्या लॉकच्या तोंडाशी बोट बांधून ठेवू नका हो

आठ दिवस झाले, गुडघ्यावरचं निळं अजून गेलेलं नाही. जिना उतरताना कळ येते आणि कळ आली की ती बोट आठवते, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

जे पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी, आमची एक नॅरोबोट आहे, पन्नास फुटी, सेकंडहँड, सहा वर्षांपूर्वी घेतलेली. इंग्लंडमध्ये ब्रॉन्स्टनजवळ असते, ग्रँड युनियन कॅनॉल आणि ऑक्सफर्ड कॅनॉल जिथं मिळतात त्या भागात. लांबी पन्नास फूट आणि रुंदी सात फुटांना थोडी कमी, म्हणजे आगगाडीचा डबा पाण्यात सोडल्यासारखी दिसते, कारण इथले अडीचशे वर्षांपूर्वीचे लॉकच, म्हणजे बोट वर-खाली चढवा-उतरवायचे हौद, सात फूट रुंद आहेत. वजन पंधरा-सोळा टन. ब्रेक नाही. थांबवायची तर इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची. हे वजन आणि हे ब्रेक नसणं नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

या वेळी आई सोबत होती. भारतातून दोन महिन्यांसाठी आलीय, वय ७१, तिला बोटीवर न्यायचंच असं आमचं ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी निघालो, नॅप्टनला पोचलो. नॅप्टनला टेकडीवर पवनचक्की आहे आणि तिच्या पायथ्याशी लॉकची रांग सुरू होते, आधी सात आणि मग वर मार्स्टन डोल्सला दोन, असे नऊ चढायचे. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, झडपा उघडून वरचं पाणी आत घ्यायचं, पाणी चढतं तशी बोट चढते. हे सगळं आपणच करायचं असतं, माणूस नसतो तिथं. म्हणजे बोटीतल्या कोणीतरी आधी खाली उतरून, हातात विंडलास म्हणजे तो झडपा फिरवायचा हँडल घेऊन, पुढं जाऊन लॉक तयार करायचा आणि तोवर बोट कुठंतरी थांबायला हवी. ते कुठंतरी म्हणजे लॉक लँडिंग. लॉकच्या आधी आणि नंतर काठाला सरळ बांधलेला तुकडा, दोर अडकवायला खुंट, उतरायला कोरडी सपाट जागा. तिथं फक्त लॉकसाठी थांबायचं, लॉक झाला की निघायचं. पाटीसुद्धा असते.

तर त्या लँडिंगवर एक साठेक फुटी बोट. पुढून मागून दोर बांधलेले, टोपाथवर म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर घडीच्या दोन खुर्च्या, सायकल, छपरावर कपडे वाळत घातलेले. म्हणजे पाच मिनिटांसाठी थांबलेली नाही, मुक्कामालाच आलेली.

वारा आडवा होता. नॅरोबोटीचा तळ सपाट असतो आणि ती पाण्यात जेमतेम दोन फूट बुडते, वरती मात्र पन्नास फूट लांबीची पत्र्याची भिंत, त्यामुळे चालत्या बोटीला वारा एवढा जाणवत नाही पण थांबली की तो तिला सरळ पलीकडच्या काठाला नेऊन टाकतो. नवऱ्यानं दोनदा पुढंमागं करून बघितलं, दोनदाही बोट पलीकडच्या लव्हाळ्यात. मग त्यानं कसंबसं पुढचं टोक त्या बोटीच्या मागं, जिथं बांधलेला काठ संपून नुसता चिखल आणि गवत सुरू होतं, तिथं आणलं आणि मी उडी मारली.

उडी मारायची नसते. पहिल्याच दिवशी शिकवतात की बोटीवरून पाऊल टाकायचं, उडी नाही. मला माहीत होतं आणि तरी मारली, कारण दुसरा रस्ता दिसेना आणि मागून आणखी एक बोट येत होती. पाय घसरला, गुडघा दगडाच्या कडेवर आदळला आणि डावा पाय काठ आणि बोट यांच्या मधल्या फटीत गेला. बोट येत होती काठाकडे. सावकाश येत होती, पण पंधरा टन. मी पाय ओढून घेतला. एक-दोन सेकंदांचा खेळ झाला सगळा. आई पुढच्या दारात उभी राहून बघत होती, तिनं तोंडावर हात ठेवला होता आणि तिचा आवाजच फुटत नव्हता.

मी लंगडत जाऊन त्या बोटीच्या छपरावर टकटक केलं. एक गृहस्थ हातात मग घेऊन बाहेर आले. मी शांतपणे सांगितलं की ही लॉकची जागा आहे, आम्हाला उतरता आलं नाही, मी पडले. ते म्हणाले, जागा आहे की अजून, तुम्ही मागं लावायची. मागं म्हणजे चिखलात. मग म्हणाले, आम्ही दुपारी निघणारच आहोत. सॉरी नाही की काही नाही, आत गेले.

आईला मी हे मराठीत सांगितलं. आईचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं, लहानपणी तरीतून ये-जा केलेली. ती एवढंच म्हणाली, ‘अगं, तरीच्या जागेवर कोण होडी लावून ठेवतं का? माणसं उतरायची कुठं?’

मी सहा वर्षं हेच समजावायचा प्रयत्न करतेय लोकांना आणि आईनं एका वाक्यात सांगितलं. माणसं उतरायची कुठं. कालव्यावर काठाचे मैलच्या मैल मोकळे असतात, बहुतेक ठिकाणी टोपाथच्या बाजूला चौदा दिवसांपर्यंत फुकट बांधता येतं, काठात पिना म्हणजे लोखंडी खुंट्या ठोका आणि राहा. ज्या थोड्या जागा सोडायच्या त्यांना प्रत्येकीला कारण आहे. लॉक लँडिंग सोडायची, उघडायच्या पुलाजवळची उतरायची जागा सोडायची, पाण्याचा नळ फक्त टाकी भरेपर्यंत वापरायचा, वळणावर आणि पुलाच्या तोंडाशी बांधायचं नाही. ऑक्सफर्ड कॅनॉलवर तर वळणाचं फारच सांभाळायला लागतं. हा कालवा अठराव्या शतकातला इंजिनिअर जेम्स ब्रिंडली याच्या पद्धतीनं खणलेला, म्हणजे टेकडी आली की तिला वळसा घालत एकाच उंचीवरून जायचं, म्हणजे लॉक कमी लागतात. नॅप्टन चढून गेलं की क्लेडनपर्यंत अकरा मैल एकही लॉक नाही पण वळणांवर वळणं, वर्मलीटनपाशी तर एकच शेत तुम्हाला तिन्ही बाजूंनी दिसतं. अशा आंधळ्या वळणावर कोणी बोट बांधली की समोरून येणाऱ्याला आणि आपल्याला एकमेकांना बघायला वेळच मिळत नाही.

आणि वाइंडिंग होल. हा उच्चार खरं तर विंड-इंग असा करतात, वाऱ्यातला विंड. कालव्याचा एक काठ मुद्दाम आत कापून केलेला त्रिकोण, लांब बोट वळवायला. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही स्वतः बोट अशा जागेच्या समोर बांधली होती. रुंद पाणी दिसलं, छान वाटलं, बांधली. संध्याकाळी सत्तर फुटी बोट घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना वळायचं होतं, पुढं वळायला पुन्हा जागा तीन तासांवर. आवाज न चढवता त्यांनी आम्हाला सगळं समजावलं, आम्ही बोट हलवली, आणि मग त्यांनीच वीस मिनिटं थांबून मला दोर कसे बांधायचे ते दाखवलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. म्हणून ज्यांना माहीत नाही त्यांच्यावर माझा राग नाही, कधीच नाही. सांगितल्यावर हलत नाहीत त्यांच्यावर आहे.

त्यांनी शिकवलेलं इथं लिहितेच, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. बरेच जण दोर काठाला काटकोनात बांधतात आणि वर सैल ठेवतात. मग शेजारून बोट गेली की आपली बोट पुढंमागं झुलते आणि पिना मातीतून ढिल्या होतात. दोर तिरपे हवेत, पुढचा पुढं आणि मागचा मागं, साधारण ४५ अंशात, आणि ताठ. काठाला लोखंडी पत्र्याची भिंत असेल तर पिना ठोकायच्याच नाहीत, त्या पत्र्यामागच्या पट्टीत अडकवायचे हुक मिळतात ते वापरायचे. मधल्या दोरावर बोट बांधून ठेवायची नाही, बोट कलते. दोर टोपाथवरून आडवा न्यायचा नाही, रात्री सायकलवाला येतो. पिनेवर काहीतरी रंगीत अडकवायचं, आम्ही जुने टेनिसचे चेंडू लावतो.

पण कितीही नीट बांधा, शेजारून जाणारा जोरात गेला की काही चालत नाही. कालव्यावर ताशी चार मैल ही कमाल मर्यादा, आणि बांधलेल्या बोटींजवळून टिकओव्हरवर जायचं, म्हणजे इंजिन नुसतं घरघरतंय इतकं हळू. लोकांना वाटतं लाटा उठत नाहीत ना मग झालं. लाटेचा प्रश्नच नाहीये. उथळ अरुंद कालव्यात बोट पुढं जाताना समोरचं पाणी तिच्या दोन्ही अंगांनी जोरात मागं पळतं, तिथली पातळी खाली जाते आणि ते पाणी बांधलेल्या बोटीला आधी स्वतःकडे आणि मग फरपटत ओढतं. जोर जितका जास्त तितकी ओढ जास्त.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी हे पण झालं. फेनी कॉम्प्टनला बांधली होती. तिथं जवळच एक अरुंद लांब चर आहे, पूर्वी तिथं खरा बोगदा होता, एकोणिसाव्या शतकात त्याचं छप्पर काढून टाकलं, तरी सगळे अजून त्याला बोगदाच म्हणतात. तर आईनं आमटी टाकली होती गॅसवर, माझा गुडघा बघून मला उठूच देईना. एक बोट आली, मला आवाजावरूनच कळलं, मी ओरडले ‘आई, मागं हो!’ आणि आमची बोट दोन फूट सरकून दोराला हिसका बसून थांबली. पातेलं घसरून कठड्याला अडकलं, आमटी गॅसवर आणि खाली जमिनीवर. आईच्या पायावर उडाली असती तर? सत्तरीतल्या बाईची कातडी असते कशी. नवरा बाहेर धावला तोवर ती बोट पुलाखालून गेलेली. पुढची पिन निम्मी उपटलेली होती, रात्री कोणाच्या लक्षात नसतं आलं तर सकाळी आम्ही कालव्यात आडवे.

अशी गोष्ट निघाली की लगेच बोटीवरच राहणाऱ्यांना नावं ठेवायची इथं सवय आहे, ज्यांच्याकडे कायमची जागा नसते आणि जे सतत फिरत राहतात त्यांना. १९९५ च्या कायद्यानं त्यांना एका जागी साधारण चौदा दिवसांच्या वर राहता येत नाही, नंतर पुढं सरकायचं. मला हे सरसकट बोलणं पटत नाही. लंडनमध्ये रीजंट्स कॅनॉलवर एकाला एक लागून बोटी असतात, घरभाडं परवडत नाही म्हणून आलेली माणसं आहेत त्यात, आणि त्यातलेच लोक दुसऱ्याला आपल्या बोटीला बोट लावू देतात, दोर धरायला येतात. नॅप्टनची ती बोट चकचकीत होती, पितळ पॉलिश केलेलं, खिडकीत मरीनाचा म्हणजे बोटींच्या भाड्याच्या तळाचा परवाना. पैसा आणि रीत यांचा संबंध नाही. भाड्याच्या बोटी घेऊन सुट्टीला आलेल्यांना पण लोक हसतात, पण त्यांना अर्धा-एक तासात सगळं शिकवून सोडलेलं असतं, त्यांना कोण सांगणार. सांगा ना. आम्हाला सांगितलं होतं कोणीतरी.

हे कालवे सांभाळायचं काम २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे, दोन हजार मैल पाणी आणि ३५ हजारांच्या आसपास बोटी. प्रत्येक लॉकवर माणूस उभा करणं शक्यच नाही. मी नॅप्टनच्या त्या बोटीचा नंबर ट्रस्टला कळवलाय, जागेचं नाव आणि फोटोसकट. चुगली वाटली तर वाटू दे.

शनिवारी क्लेडनचे पाच लॉक उतरून संध्याकाळी क्रॉप्रेडीला आलो. पाऊस सुरू झालेला, लॉकच्या वरच्या बाजूला बोटींची रांग, आम्हाला शेवटची बरी जागा मिळाली. बांधलं, चूल पेटवली, आईनं भात लावला. तासाभरानं एक छोटी बोट आली, दोघंच जण, भिजलेले, जागा शोधत हळूहळू पुढं चाललेले. आमच्या पुढं वीस फूट आणि मागं पंधरा फूट मोकळं होतं, दोन्हीकडे त्यांची बोट बसेना. नवरा काही न बोलता रेनकोट घालून बाहेर गेला, पिना उपटल्या, मी मागचा दोर धरला आणि आम्ही बोट पुढं ओढून समोरच्या बोटीला जवळजवळ टेकवली. आता मागं पस्तीस फूट. ते आत आले, त्या बाईंनी फेकलेला दोर मी झेलला.

ओल्या कपड्यांनी आत आलो तर आई ताटं वाढून तशीच बसलेली. ‘अहो, लागली का त्यांची बोट नीट?’ तिनं जावयाला विचारलं. तो ‘हो आई, लागली’ म्हणाला, मग तिनं भात कालवला.