कुळाचा शोध मालकाच्या कागदात

आमचे पणजोबा गोव्यातल्या फोंडा तालुक्यात भातशेती करायचे, पण त्यांच्या नावावर वीतभरही जमीन नव्हती. भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, घराणं शोधायचं तर कोर्टातल्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मेलेल्याच्या मालमत्तेच्या वाटणीच्या कागदांत, वारसांसकट सगळं मिळतं. कुळाकडे वाटून द्यायला काही नसतं, मग त्याची इन्व्हेंटरी कोण करणार?

फॉर्म एक व चौदा काढला. गोव्याचा सातबाराच म्हणा. त्यात कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव होतं, १९६४ च्या कूळ कायद्याची कृपा. पणजोबा त्याआधीच गेलेले. पण मालक म्हणून गावची कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, लिहिलेली दिसली आणि पुढचा रस्ता तिथून फुटला.

त्याआधी नागरी नोंदणी पाहिली. गोव्यात ती १९१४ पासून सुरू झाली. त्यामागे जायचं तर ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या असतात, आपल्या हिंदू घरांना तीही सोय नाही. नोंदी पोर्तुगीजमध्ये. नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, ‘श’ला एक्स. इंग्रजी स्पेलिंग धरून बसलात तर माणूस हाती लागत नाही. त्याच नावाची माणसंही गावात ढीगभर, म्हणून वडिलांचं नाव आणि वाडा दोन्ही जुळल्यावरच मृत्यूची नोंद आपली मानली. व्यवसाय: शेतकरी. एवढं तर घरात सगळ्यांना ठाऊक होतंच!

पणजोबा खरे भेटले ते कोमुनिदादीच्या लिलावाच्या वहीत. कोमुनिदादीची शेतं ठरावीक मुदतीसाठी लिलावाने दिली जायची. वहीत शेताचं नाव, बोली, घेणारा आणि त्याचा जामीन. पणजोबांनी एकच शेत पुन्हा पुन्हा घेतलंय. एका मुदतीत दुसऱ्याने चढी बोली लावून ते नेलं, तेव्हा पणजोबा शेजाऱ्याला जामीन राहिलेले दिसतात. पुढच्या लिलावात शेत परत त्यांच्याकडे, खंड मात्र चांगलाच वाढलेला. ईर्ष्येने बोली लावली असणार, आमच्या घराण्याला ते शोभतंच. खाली त्यांच्यासाठी दुसऱ्याने सही केलीय, लिहिता येत नसल्यामुळे विनंतीवरून. साक्षीदाराची सही मोडीत.

आता घरात आख्यायिका अशी, की पणजोबा मोडीत हिशेब ठेवायचे. काकांना नोंद दाखवली तर म्हणाले, “सही येत नव्हती म्हणून काय झालं? वाचता येत असेल.” असेल बुवा.

उरले देवस्थानचे हिशेब. तिथे खंड पैशांत नाही, भातात. खंडी आणि कुडव या जुन्या मापांत. सरदीचा, म्हणजे पावसाळी पिकाचा, वेगळा, वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी पिकाचा, वेगळा. सगळं मोडीत. एका पानावर पणजोबांचं नाव असावंसं वाटतंय. मोडी वाचणारे गृहस्थ गणेश चवथीनंतर बसू म्हणालेत.