शेवट ठाऊक असताना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या पोरींपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न : 'मेरा साया' बघितलेला, रहस्य फुटलेलं, मग परत 'पाठलाग' कशाला बघितलास?

मी सिनेमातली जाणकार नव्हे. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या गावात, कोल्हापुरात राहते, सुट्टीदिवशी घरात काही लागलं तर बघते, एवढंच. १९६६चा 'मेरा साया' असाच बघितला, नटी साधनासाठी आणि 'झुमका गिरा रे' या गाण्यासाठी. तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, आपला 'पाठलाग' त्याच्या आधीचा, चौसष्टचा. राजा परांजप्यांचा. त्याच्यावरनंच केलाय तो." मग एका रविवारी पावसानं रंकाळ्यावर जायचं राहिलं आणि आम्ही दोघं 'पाठलाग' लावून बसलो.

ज्यांनी यातला एकही बघितला नाही त्यांनी इथंच थांबा, आधी बघून या.

नवऱ्यानं बायकोला स्वतःच्या हातानं अग्नी दिलेला. आणि एक दिवस पोलिसांनी धरलेली, डाकू म्हणून आणलेली बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसते, वर म्हणते, मीच तुमची बायको. हिंदीत बघताना मी नवऱ्याच्या बाजूनं होते. खरी की खोटी, एवढंच डोक्यात. ती कोर्टात बोलायला लागली की मी तिची चूक सापडते का बघायची.

'पाठलाग' बघताना मला ठाऊक होतं की ही खरी आहे, गेली ती तिची जुळी बहीण. तेच कोर्ट मग बघवेना. नवराबायकोतलं, चार भिंतींतलं बोलणं ती परक्या माणसांपुढं सांगते, आणि ज्याला पटावं म्हणून सांगते तोच तिला डाकू समजतो. माझा घसा दाटून आला. 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गदिमांचं गाणं मी आजवर मेलेल्या बाईचं, अंगावर काटा आणणारं गाणं म्हणून ऐकत होते. त्या दिवशी आशाबाईंच्या आवाजात जिवंत बायकोनं दिलेला शब्द ऐकू आला.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पहिल्यांदा थेटरात बघितला तेव्हा आम्ही सगळी पोरं तिला खोटीच म्हणत होतो."

आता 'मेरा साया' परत बघायचाय, या वेळी कोर्टातल्या पहिल्या तारखेपासून तिच्या बाजूनं.