थोरल्याचं पत्र

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज ग्रुपवर आला आणि खरं सांगतो, दोन दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतंच. शाळेबद्दल लिहायला खूप आहे, प्रार्थना आहे, कवायत आहे, मागचं चिंचेचं झाड आहे, पण ते बाकीचे लिहितीलच. मी बाईंबद्दल लिहिणार. बाई म्हणजे कोण हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही.

1994 चं स्नेहसंमेलन, मी नववी ब. नाटिका मीच लिहिली होती, दोन भावांची. थोरल्याला वडिलांची जमीन विकायचीय आणि धाकटा विकू देत नाही. माझा थोरला दारू पिणारा, दर वाक्याला ओरडणारा, आणि धाकटा म्हणजे अगदी देवमाणूस. वर्गात वाचून दाखवली तर सगळे खूश. बाईंनी ती मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या वाचली, हातातला चहा तसाच गार झाला, आणि मला एवढंच विचारलं, "थोरला जमीन का विकतोय रे?" मी म्हटलं, वाईट आहे म्हणून. तर म्हणाल्या, "वाईट आहे म्हणून कुणी बापाची जमीन विकत नाही. घरी जा, थोरल्याच्या नावाने धाकट्याला पत्र लिही. त्यात एक शिवी नको आणि एक खोटं वाक्य नको."

त्या रात्री लाईट गेलेली, चिमणीच्या उजेडात फुलस्केपवर लिहायला बसलो. पहिल्या चार ओळी काही केल्या जमेनात. मग आपोआप सुरू झालं. विहिरीनं तळ गाठलाय, सोसायटीचं कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर आहे, कांदा लासलगावला नेला तर गाडीभाडंही सुटलं नाही, पोरीला नर्सिंगला घालायचंय, आणि तू पुण्याला नोकरीला, दिवाळीत चार दिवस येतोस, बांधावर उभा राहतोस आणि म्हणतोस माती म्हणजे आई. हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि माझाच हात थांबला, कारण थोरला खरं बोलत होता आणि धाकटाही खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते वाचून लाल शाईत एकच शब्द लिहिला, "आता." म्हणजे आता नाटक लिही. आणि मग जे सांगितलं त्यावर मी आजही जगतोय. दोन माणसांची मतं वेगळी आहेत एवढ्यावर नाटक होत नाही, ती नुसती वक्तृत्व स्पर्धा होते, एक उठून निघून गेला की संपलं. दोघांना असं बांधायचं की एकालाही उठून जाता येणार नाही. आमच्या नाटिकेत ती दोरी सातबारा होती. उताऱ्यावर दोघांची नावं, अख्खी जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागणार. बाईंनी रंगमंचावर एक टेबल, त्यावर कागद आणि एकच पेन ठेवायला लावलं, बस्स.

पु. ल. देशपांड्यांचं 'तुझे आहे तुजपाशी' त्यांनी आम्हाला याचसाठी वाचून दाखवलं होतं, शनिवारची शाळा सुटल्यावर, अभ्यासक्रमात नसताना. 1957 सालचं नाटक, इंदूरचं घर, एकीकडे आयुष्य मजेत चाखणारे काकाजी आणि दुसरीकडे सगळ्याचा त्याग करायला सांगणारे आचार्य, दोघं एकाच छपराखाली. बाई म्हणायच्या, बघा, आचार्य खलनायक नाहीत. शेवटी तेच कोसळतात तेव्हा आपल्याला जिंकल्यासारखं वाटत नाही, पोटात तुटतं, का ते शोधा. कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' घेतलं तेव्हाही तेच, बापलेक दोघंही स्वराज्याचेच, तरी एकमेकांना लागत जातात.

आमच्या नाटिकेचा शेवट मला करायचा होता, धाकट्याची सही दाखवायची होती. बाईंनी नाही करू दिला. धाकटा पेन उचलतो आणि पडदा. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा देता देता आपल्या शिपाईमामांनी मला हाक मारली आणि हळूच विचारलं, "काय रे, केली का मग त्यानं सही?" मामांची स्वतःची भावकीतली वाटणी त्या वर्षी चालू होती, हे मला फार नंतर कळलं.

2009 पासून मी मालिकांचं लेखन करतो, दोन वेळा उत्कृष्ट संवादाचं पारितोषिकही मिळालं. मीटिंगमध्ये नेहमी ठरतं की ही सून निगेटिव्ह, ही पॉझिटिव्ह. मी घरी येतो, फुलस्केप काढतो आणि आधी त्या निगेटिव्ह सुनेचं पत्र लिहितो. ते जमलं की महिनाभराचे एपिसोड सुटतात, नाही जमलं तर कितीही कारस्थानं घाला, सीन बसूनच राहतो.

मध्ये शाळेत येऊन गेलो. हॉलमधला लाकडी रंगमंच काढून तिथे कॉम्प्युटर लॅब केलीय. लॅब हवीच, पण स्नेहसंमेलनात आता सगळे रेकॉर्ड डान्सच असतात असं कळलं आणि फार वाईट वाटलं. नववीतल्या कुठल्या तरी पोराला थोरल्याची बाजू लिहायला कोण लावणार आता? माझी समितीला हात जोडून विनंती आहे, वर्षाला एक तरी नाटिका पोरांना स्वतः लिहू द्या, लागेल तेव्हा मी स्वखर्चाने येईन.

बाई, ते पत्र अजून माझ्याकडे आहे, तुमच्या लाल शाईसकट. कार्यक्रमाला तुम्ही येणार आहात असं कळलं म्हणून त्या रविवारचं काम मी आधीच पुढे ढकललंय. पत्र घेऊन येतो.