पाणी जातं कुठं?

मराठवाड्यात धबधबा बघायला निघायचं तर आधी फोन करावा लागतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर असली चौकशी कुणी करत नसेल. जुलै लागला की तिकडचे कडे आपोआप वाहू लागतात. आपल्याकडं मात्र बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या पाहुण्याला विचारायचं, "सौताड्याला पाणी हाय का?" तो म्हणणार, "हाय की, या." आपण जाऊन पोचावं तर कड्यावर शेळ्या राखत बसलेला माणूस आपल्याला खालवर न्याहाळतो आणि सांगतो, "काल यायला पाहिजे होतं. काल लै होतं." हे 'काल' मी किनवटपासून नळदुर्गापर्यंत सगळीकडं ऐकलंय. कालच्या धबधब्याशी स्पर्धा करायची कुणाची टाप नाही.

आपल्या धबधब्यांसाठी मान वर करावी लागत नाही. मांजरसुंब्याहून पाटोद्यामार्गे जामखेडकडं निघालात की रस्ता बहुतेक सपाटच. दोन्हीकडं सोयाबीन, उडीद, तूर, मधेच पत्र्याची शेड आणि तिच्या सावलीत उभा ट्रॅक्टर. धबधबा जवळ आल्याची एकही खूण नाही. मग सौताड्याला गाडी लावायची, जरा पुढं चालायचं आणि एकदम जमीनच संपते. समोर खोल घळ, आणि इतका वेळ शेताच्या कडेनं निमूट चाललेली विंचरणा नदी त्या घळीत उडी घेते. घळीच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ. वरून ते एवढंसं दिसतं, पायऱ्या उतरून गेलं की मग त्याची खरी उंची कळते आणि आपलीही.

ही रचना लाव्ह्याची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि त्यांचा काळा दगड झाला. काही थर घट्ट, काही ठिसूळ. वरचा घट्ट थर तग धरतो, खालचा ठिसूळ झिजत जातो, म्हणून कडा सरळ उभा राहतो आणि पाणी घरंगळत न येता थेट पडतं. पठाराच्या मधल्या भागात गोदावरी, मांजरा, दुधना अशा संथ चालतात की त्यांना पडायला जागाच सापडत नाही. पडायचं तर पठाराची कड गाठावी लागते. उत्तरेला अजिंठ्याची रांग, दक्षिणेला बालाघाटचा कडा, आणि पूर्वेला पैनगंगेचं खडकाळ पात्र.

सौताड्याला एका श्रावणात मी आत्याला घेऊन गेलो होतो. आत्या लातूरची, म्हणजे 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली. "आत्या, धबधबा बघायला चलतीस का?" म्हटल्यावर तिनं मान उडवली. "तिथं काय बघायचंय, पाणीच की."

"खाली महादेव हाय."

"मग आधी सांगावं की!" म्हणून ती धपाटे करायला उठली.

आपल्याकडच्या बहुतेक धबधब्यांपाशी महादेव का असतो, याचं धार्मिक उत्तर जाणकारांनी द्यावं. मला दिसतं ते एवढंच, की घळीत झरा आटत नाही, सावली असते आणि भर उन्हाळ्यातही दगड ओला राहतो. देव असो की माणूस, राहायला अशीच जागा शोधणार. येडशीजवळचं रामलिंग घ्या, सहस्रकुंडाचं देऊळ घ्या, तेच. बीडजवळच्या कपिलधारला तर लिंगायत संत मन्मथस्वामींची समाधीच आहे, कार्तिकी पौर्णिमेला तिथं पायी दिंड्या येतात. शिवाय देव असला की घरातल्या बायकांना बाहेर पडायला कारण लागत नाही. 'फिरायला' जाते म्हटलं तर दहा प्रश्न, 'दर्शनाला' म्हटलं की डबा तयार. मराठवाड्यातल्या किती आज्यांनी महादेवाच्या आडून धबधबे बघितले असतील, कुणी मोजलेलं नाही.

तर आम्ही कड्यावर बसलो. घळीतून वारा वर येत होता. पडणारी धार मधेच वाकडी व्हायची, तिचं पीठ व्हायचं आणि ते पीठ उलटं आमच्याच तोंडावर. आत्यानं धपाट्यांची पुरचुंडी पदराखाली झाकून सोडली, शेंगदाण्याची चटणी ओली होऊ नये म्हणून वर तळहात धरला आणि समोर बघत पहिला प्रश्न टाकला, "हे पाणी जातं कुठं?"

"जामखेडकडं."

"अन् तिथून?"

"सीनेला. मग सोलापूरकडं."

आत्यानं धपाट्याचा तुकडा मोडला. "म्हंजी आपलं पाणी चाललंय अन् आपण ते बघायला भाडं खर्चून आलोय व्हय!"

तेव्हा हसण्यावारी नेलं, पण नंतर नकाशा काढून बसलो तर म्हातारीनं नेमकं बोट ठेवलेलं निघालं. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी सात कुंडांतून उड्या मारत येणारी वाघूर उत्तरेला खानदेशात उतरते आणि तापीला मिळते. सौताड्याची विंचरणा सीनेला, सीना भीमेला. नळदुर्गाची बोरी अक्कलकोटकडून भीमेलाच. सहस्रकुंडाची पैनगंगा तर एका काठावर इस्लापूर, म्हणजे नांदेड जिल्हा, आणि दुसऱ्या काठावर उमरखेड तालुका, म्हणजे विदर्भ, अशी सीमेवरूनच चालते. पुढं ती वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला. म्हणजे पैनगंगेचं पाणी शेवटी गोदावरीतच जातं, पण आपली हद्द केव्हाच सोडून गेलेल्या गोदावरीत. वेरूळचा सीतेच्या न्हाणीचा धबधबा मात्र गोदेच्या खोऱ्यातला, घरचा. पठाराची कड म्हटलं की असंच होणार. जिथं पाणी पडतं तिथंच आपली हद्द संपत आलेली असते. मराठवाड्याचे नावाजलेले धबधबे बहुतेक मराठवाड्याबाहेर जाणारी दारं आहेत.

म्हणून काय कुणी जायचं थांबत नाही. सहस्रकुंडाला रविवारी दोन्ही काठांवर माणसं असतात आणि दोन्हीकडच्यांना खात्री असते की खरा धबधबा आपल्याच बाजूनं दिसतो. मला नांदेडची बाजू आवडते, अर्थात मी मराठवाड्याचा. तिथला काळा खडक पाण्यानं घासून घासून असा तुळतुळीत झालाय की ओला असताना दगड न वाटता लोखंड वाटतो. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे. पाणी किती असेल हे मात्र निव्वळ पावसावर नाही, वरच्या इसापूर धरणातून काय सुटतं त्यावरही ठरतं. धबधब्याचा कारभार पाटबंधारे खात्याकडं, ही कल्पना पचायला मला जरा वेळ लागला.

अजिंठ्याबद्दल मात्र वेगळं वाटतं. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली, ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली. पण त्याच्या दोन हजार वर्षं आधी ज्यांनी वाघूरचं ते वळण हेरलं, त्यांना दाद द्यायला हवी. पावसाळ्यात भिक्षूंनी गावोगाव फिरायचं नाही, एके जागी राहायचं, असा नियम. त्या मंडळींनी पावसाळा काढायला जागा निवडली तीही धबधब्याशेजारी. आपण दोन तास तिथं थांबतो, त्यातला एक पार्किंगमध्ये जातो.

नळदुर्गाचा नर-मादी मात्र माणसानं पाडलेला धबधबा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर किल्ल्यातच धरण बांधलं, त्यानं किल्ला शेजारच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याशी जोडला आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल केला. वरचं बोरी धरण भरून सांडलं की इथल्या भिंतीवरून दोन धारा कोसळतात, एक नर, एक मादी. आत खिडकीशी उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा आणि आपण कोरडे. बांधणाऱ्यानं पाणी आधी अडवलं, वापरलं, मग उरलेल्याची मजा केली. हा क्रम आत्याला फार पटला. "ह्याला म्हणतेत शहाणपण," ती म्हणाली. बादशहाला तिनं दिलेली ही एकुलती एक पावती.

पाणी जातं कुठं हा प्रश्न नेहमी गमतीचा राहत नाही. 2025 च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरानं परंडा, करमाळा, माढा भागात जे केलं ते बघितल्यावर वरच्या कड्यावर उभं राहून फोटो काढणं जड जातं. वर जे धबधबा म्हणून पडतं तेच खाली कुणाच्या तरी गोठ्यात शिरतं.

मला विचाराल तर मराठवाड्याच्या माणसाचा खरा धबधबा म्हणजे सांडवा, धरण-तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती वाट. पैठणला नाथसागराचे 27 दरवाजे उघडले की बघायला झुंबड उडते, ती नुसत्या पाण्याची नसते. धरण भरलं, आता पुढच्या उन्हाळ्याची काळजी नाही, ही बातमी डोळ्यांनी वाचायला लोक जातात. आणि गावाकडच्या पाझर तलावाचा सांडवा तर जेमतेम कमरेएवढा. त्याच्यावरून पाणी निघालं की गडी, बायका, पोरं, चपला हातात घेऊन सगळं गाव गोळा होतं. पाणी गढूळ, त्यात शेवाळ, एखादी चिंधी, एखादी तुटकी चप्पल. पोरं त्यात बसतात आणि पाठीवर धार घेत ओरडतात. हे पाणी भरून उरलंय, म्हणून सांडतंय. नुसतं चाललंय असं नाही.

आत्याच्या गावचा तलाव गेल्या पावसाळ्यात सांडला. तिथं ना कुंड, ना महादेव. तरी ती शेजारच्या दोघीतिघींना घेऊन गेली, नारळ फोडला, पाण्याची ओटी भरली, थोडं पाणी हातात घेऊन डोळ्यांना लावलं. मग पदराला हात पुसत माझ्याकडं वळून म्हणाली, "बघितलं ना आता? चल. मामाला सांग, औंदा हरभरा नको, गहूच पेरू."