तीन फ्रेमा आणि न्हाणीतला गिझर

गुहागर तालुक्यात ज्या घरी उतरलो, त्या घराच्या पडवीत शिरताच समोर तीन फ्रेमा दिसतात. एक अन्न नोंदणीची, दुसरी निवास-न्याहारी योजनेची, तिसरी 'साथी'ची. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने भारतीय गुणवत्ता परिषदेबरोबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, सुरू केलेली ही योजना. घर चिऱ्याचं, कौलारू, समोर सारवलेलं खळं, मागे पोफळीची वाडी. चादरींना उन्हाचा वास, फरशी पायाला कोरडी लागणारी. आणि न्हाणीघरात, नळाच्या वर भिंतीला, सहा लिटरचा गॅस गिझर. सिलिंडर तिथेच, बादलीशेजारी. वरचा झरोका डास येतात म्हणून थर्माकोल लावून बंद केलेला.

दापोलीकडून येताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गार वारा, गुहागरच्या सुरुबनात दोन निवांत संध्याकाळी, व्याडेश्वराचं दर्शन, सगळं मनासारखं झालं. पण लिहायला बसलो ते त्या झरोक्यातल्या थर्माकोलमुळे.

आधी हिशेब मांडतो, कारण आकडे पाहिल्याशिवाय याचं गांभीर्य कळत नाही. हा गिझर पाणी साठवत नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, गॅसचा व्हॉल्व उघडतो, बॅटरीची ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं तर तासाला साधारण एक किलो गॅस जळतो. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांची अंघोळ म्हणजे दोन घनमीटरहून थोडी जास्त. पाच बाय चार फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीत हवा असते जेमतेम साडेचार घनमीटर. म्हणजे दार लावून, झरोका बुजवून एका माणसाने अंघोळ केली की निम्म्या हवेतला प्राणवायू गिझरच खातो. प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून अठरा-एकोणीसवर आला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. दुसरा माणूस लगेच आत गेला तर त्याची सुरुवातच या हवेत होते. कुटुंबं सहलीला आली की सकाळी अंघोळीला रांग लागते, ते लक्षात घ्या.

सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, त्यामुळे गळती कळते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. माणसाला काहीतरी चुकतंय हे कळतं, पण कडीपर्यंत हात पोहोचत नाही. असं कुणी सापडलं तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, त्याला उघड्यावर आणा आणि थेट दवाखान्यात न्या. तिथे 'गॅस गिझर होता' हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला चांगलंच दिसतं. आकडा अठ्ठ्याण्णव आला म्हणून घरी थांबणं हीच चूक जिवावर बेतते.

आता त्या तीन फ्रेमा. अन्न नोंदणी स्वयंपाकघराशी बांधलेली. तिचा क्रमांक चौदा आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५, आणि त्यापुढचे दोन वर्षाचे. नोंदणी प्रत्यक्ष पाहणीशिवायही मिळू शकते, हे पाहुण्यांना सहसा माहीत नसतं. 'साथी' करोनाच्या सूचनांसाठी होती. सूचना वाचायच्या, त्या आपण पाळतो असं स्वतः जाहीर करायचं, की प्रमाणपत्र. तपासनीस बोलावणं ऐच्छिक होतं. निवास-न्याहारीची नोंदणी खोल्या आणि सोयींची. पडवीतला पाहुणा मात्र तिन्ही कागद एकत्र पाहतो आणि 'सरकारमान्य, म्हणजे सुरक्षित' असा एकच अर्थ लावतो. मला याचा मनापासून त्रास होतो. फसवणूक कुणीच करत नाही, कागद खरे आहेत, आणि तरी ज्या जागी पाहुणा जिवाला मुकू शकतो त्या जागेबद्दल त्यांत अक्षर नाही.

घरच्या काकांना मी हे त्याच दिवशी सांगितलं. त्यांचं उत्तर सरळ होतं. "अहो, वीज इथे कधीही जाते. पाव्हण्यांना सकाळी गरम पाणी लागतं. गॅसचा असला की काळजी नाही." त्यांची अडचण खरी आहे. झरोका बंद करण्याचं कारणही खरं, पाहुण्यांनीच डासांची तक्रार केली होती. काकूंनी मात्र मागीलदाराकडे बोट दाखवलं. तिथे जुनं चुलाणं अजून आहे. पूर्वी पाणी तिथे तापायचं आणि बादलीने न्हाणीत जायचं. जाळ बाहेर, अंघोळ आत. नव्या उपकरणालाही हीच मांडणी लागू आहे. गिझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीबाहेर, मोकळ्या पडवीत, आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याची नळी आत. बाहेर लावताना दोन गोष्टी बिघडतात. पश्चिमेच्या भिंतीवर समुद्राचा वारा ज्योत विझवतो, म्हणून आडोशाची भिंत घ्यावी. आणि खाऱ्या हवेत बर्नरची भोकं गंजाने बुजतात, मग निळी ज्योत पिवळी होते आणि वर काजळी धरते. पिवळी ज्योत दिसली की गिझर बंद ठेवून मेकॅनिक बोलवायचा. झरोक्याला डासांची जाळी लावली की थर्माकोलची गरज उरत नाही. गॅसची नळी नारिंगी, तारेची, आयएस ९५७३ ची खूण असलेली आणि दीड मीटरच्या आत असावी. तिच्यावर छापलेली तारीख पाहून पाच वर्षांनी ती बदलावी. साधी हिरवी रबरी नळी दिसली तर मी स्पष्ट बोलतो.

त्या मुक्कामात आम्ही गिझर लावून बादली भरायचो, गिझर बंद करायचो, दार पाच मिनिटं सताड उघडं ठेवायचो आणि मगच कडी. गिझर आत असलेल्या कुठल्याही घरी एवढं करावंच. मुलांना ही गोष्ट आईवडिलांनी स्वतः उभं राहून करून द्यावी.

विजेचा गिझर असला म्हणजे सुटलो, असंही कोकणात म्हणता येत नाही. जांभ्यातून पाणी झरझर निथळतं. पावसाळ्यात उत्तम चालणारं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की निकामी होतं, आणि नेमका तोच पाहुण्यांचा हंगाम. अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दर आठवड्याला पाणी ओतायला हवं. मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असावा आणि त्यावरचं 'टी' बटण दाबल्यावर तो खटकन पडावा. दोन सेकंदांचं काम आहे. पडला नाही तर त्या न्हाणीत गिझर चालू असताना पाण्याला हात लावू नये. मालकांना विचारूनच बटण दाबा, कारण सगळ्या घराची वीज जाते.

तवसाळ-जयगड फेरीने पलीकडे गेलो. गणपतीपुळ्याला सुट्टीची एवढी गर्दी की देवळाबाहेर चप्पल काढायलाही जागा नव्हती, त्यामुळे तिथलं सांगण्यासारखं काही नाही.

पुढच्या दोन ठिकाणी माझं लक्ष विहिरीवर गेलं. चिऱ्याच्या भेगांतून पावसाचं पाणी ज्या वेगाने विहिरीत येतं, त्याच वेगाने शोषखड्ड्याचंही येतं. म्हणून संडासाची टाकी विहिरीच्या उताराखाली आणि लांब असावी. गाळण्याच्या यंत्राकडे बोट दाखवणारे यजमान खूप भेटतात, पण दात घासायचं, भाज्या धुवायचं आणि सोलकढीत पडणारं पाणी यंत्रातलं नसतं. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कधी टाकली, हे मी विचारतो. प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम पावडर. पावडर बादलीत कालवायची, साका खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडायचं. तासाभराने लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन उरला पाहिजे. गावचा जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे उरलेल्या क्लोरिनची रंगावरून होणारी चाचणी, करून सांगतो. चूक बहुतेक एकाच जागी होते. पावडरची पिशवी उघडी राहते, दमट हवेत तिचा क्लोरिन उडून जातो आणि मग नेमक्या मापाने टाकलेली पावडरही काम करत नाही. शंका असेल तर एचटूएस बाटलीत, म्हणजे पाण्यातले जंतू तपासायच्या बाटलीत, पाणी भरून ठेवावं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही. ग्रामपंचायतीला पाण्याच्या पाहणीनंतर हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. माझ्या मते कुठल्याही फ्रेमपेक्षा हा प्रश्न आधी विचारावा, "गावाचं कार्ड कुठलं आहे?" रत्नागिरीजवळच्या एका वहिनींनी लगेच सांगितलं, "हिरवं. आणि टीसीएल सोमवारी टाकली, वास येईल थोडा." त्या घरचं पाणी मी निर्धास्त प्यायलो.

जेवणाबद्दल थोडक्यात. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे बर्फाशिवाय उन्हात राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं आणि ते तळून, उकळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर गांध्या, डोकं ठणकणं, ही त्याची खूण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजी सुरमई' म्हणून जे ताटात येतं ते बहुधा फ्रीजरमधलं असतं, आणि फ्रीजर वीज गेल्यावर किती तास बंद होता हे महत्त्वाचं. एका खानावळीतली युक्ती मला फार आवडली. फ्रीजरमध्ये वाटीभर बर्फ, त्यावर एक नाणं. नाणं वरच असेल तर ठीक, बुडालेलं दिसलं तर रात्री बर्फ वितळून पुन्हा गोठला, माल टाकून द्यायचा. सोलकढी नारळाच्या रसाची, सकाळी काढून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवलेली असेल तर नको म्हणा. आता केलेली आहे का, एवढं विचारलं तर कुणी रागावत नाही.

मालवणला लॉजवर उतरलो. तिथे चौथ्या प्रकारचा कागद होता, बी फॉर्म. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन द्यावं लागतं. म्हणून या कागदावर मी फक्त महिना बघतो. स्वागतकक्षातल्या मुलाने वही काढून दाखवली, तारीख ताजी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या, आग विझवायच्या लाल सिलिंडरचा काटाही हिरव्या पट्ट्यात होता. पण सिलिंडर खाली उतरवून तळ पाहिला तर गंजाचे पापुद्रे. समुद्रापासून दोनशे मीटरवर हे होतंच. दाबाखालच्या सिलिंडरचा तळ गंजला की तो वापरताना फुटू शकतो, काटा काही का दाखवेना. आत पावडर असेल तर ती दमटपणात खाली घट्ट बसते. सिलिंडर उलटा केल्यावर आत पावडर सरकल्याचं जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं तर दांडा दाबल्यावर नुसती हवा येईल. पिन, सील, भरल्याची तारीख, हे तर बघायचंच.

त्याहून मोठी गोष्ट खिडकी. चोरांच्या भीतीने खिडक्यांना वेल्डिंग केलेल्या जाळ्या आहेत, उघडणारा भाग एकही नाही. रात्री अकराला जिन्याखालचं शटर ओढून कुलूप लावतात आणि किल्ली ज्याच्याकडे, तो शेजारच्या इमारतीत झोपतो. जिना एकच. बी फॉर्म ताजा असलेल्या इमारतीतही हे घडतं, कारण पाहणी दिवसा होते आणि दिवसा शटर उघडं असतं. मी त्या मुलाला विनंती केली की किल्ली रात्री आतल्या बाजूला खिळ्यावर टांगा. त्याने मालकांना फोन केला आणि त्या रात्रीपासून किल्ली आत राहिली. उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत हेच विचारावं, रात्री दाराची किल्ली कुणाकडे असते.

परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात गुहागरच्या काकांचा फोटो आला. गिझर न्हाणीतून काढून मागच्या पडवीच्या भिंतीला लावलाय, सिलिंडर बाहेर, झरोक्याला जाळी. नळी नारिंगी दिसते. फक्त गिझर पडवीच्या अगदी कडेला आहे, जूनमध्ये तिरका पाऊस थेट बर्नरवर येईल. वर दीड फूट पुढे येईल असा पत्रा मारा, बाजू मात्र मोकळ्या ठेवा, असं त्यांना कळवलं आहे.