जँगो ३.२ वरून ४.२ वर

जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या ३.२ व्हर्जनचा सपोर्ट एप्रिल २०२४ मध्ये संपला, तरी आमचं अ‍ॅप तिथेच ठाण मांडून होतं. शेवटी ४.२ वर नेलं.

मी आधी जुन्याच व्हर्जनवर डेप्रिकेशन वॉर्निंग (पुढे काढल्या जाणाऱ्या गोष्टींच्या सूचना) चालू करून टेस्ट चालवते. एरवी मुकाट बसलेला कोड तेव्हा भडाभडा बोलतो. पत्ते जुळवणारं यूआरएल फंक्शन आणि भाषांतरासाठीचं यूगेटटेक्स्ट ४.० मध्ये काढून टाकलेत. ते बदलणं निव्वळ हमाली. (यूआरएलच्या जागी री-पाथ टाका आणि पुढे चला. रेगेक्स, म्हणजे पत्ते जुळवायचे पॅटर्न, सुबक करायचा मोह याच वेळी नको.)

खरी गोम सीएसआरएफमध्ये, म्हणजे दुसऱ्या साइटवरून चोरून पाठवलेल्या फॉर्मपासूनच्या संरक्षणात. ४.० पासून जँगो ओरिजिन हेडर (रिक्वेस्ट कुठल्या साइटवरून आली ते ब्राउझर यात सांगतो) तपासतं. आमचं एचटीटीपीएस प्रॉक्सीवरच (अ‍ॅपपुढच्या मध्यस्थ सर्व्हरवर) संपतं, आत साधं एचटीटीपी. ब्राउझर एक सांगतो, जँगोला दुसरंच दिसतं, आणि स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) प्रत्येक फॉर्मला ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. टेस्ट मात्र सगळे हिरवेगार, कारण टेस्ट क्लायंट सीएसआरएफ तपासणी मुळात बंदच ठेवतो! ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये (विश्वासू साइटच्या यादीत) डोमेनआधी एचटीटीपीएस लिहिलं, प्रॉक्सीचं हेडर सेटिंगमध्ये नीट दिलं, मग गाडी रुळावर आली.

जँगो ५.० मध्ये गेट रिक्वेस्टने, म्हणजे नुसत्या लिंकवर क्लिक करून, लॉगआउट होत नाही, म्हणून मेन्यूतली ती लिंक आत्ताच पोस्ट फॉर्म करून टाकली.